एकच वही : उद्योगधंद्यातील साधन-नियोजनाच्या संगणकप्रणालींचा परिचय

विखुरलेल्या वह्या

लखनौच्या जुन्या चौक पेठेतील दुकानात घडी घालून ठेवलेला चिकनचा कुडता पाहणाऱ्यास ते एकाच कारागिराचे काम वाटते. वस्तुतः दुकानात येण्यापूर्वी तो कुडता निदान पाच-सहा हातांतून गेलेला असतो. कापडाचा व्यापारी, कापड बेतणारा शिंपी, लाकडी ठशांनी धुऊन जाणाऱ्या रंगात नक्षी उमटविणारा छापणारा, त्या नक्षीवर टेपची, बखिया, मुर्री, फंदा अशा टाक्यांनी भरतकाम करणारी स्त्री, छापाचा रंग व कामाचा मळ काढून टाकणारा धोबी आणि शेवटी इस्त्री करून घडी घालणारा माणूस, अशी ही साखळी आहे. यांतील बहुतेक जण एका छपराखाली बसत नाहीत. छापणाऱ्यांची दुकाने शहराच्या गल्ल्यांत आहेत; भरतकाम मात्र शहरातील घरांत तसेच काकोरी आणि मलिहाबाद या बाजूंच्या खेड्यांत चालते आणि तेथवर माल बहुधा मध्यस्थाच्या हातून जातो.

या साखळीतील प्रत्येक जण आपापली नोंद ठेवतो. शिंप्याजवळ एक वही, छापणाऱ्याजवळ दुसरी, मध्यस्थाच्या खिशात तिसरी आणि व्यापाऱ्याच्या गादीवर मुनिमाची चौथी. प्रत्येक वही आपल्यापुरती बरोबरही असते. तथापि दूरच्या एखाद्या गिऱ्हाइकाने व्यापाऱ्यास एवढेच विचारले की, “सहाशे कुडते केव्हा मिळतील?” तर या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका वहीत सापडत नाही. किती कापड शिल्लक आहे हे कोठारात कळेल, किती नग बाहेर गेले आहेत हे मध्यस्थ सांगेल, कोणाचे किती देणे आहे हे मुनीम सांगेल. चारही ठिकाणी माणूस धाडून उत्तरे गोळा करीपर्यंत पहिले उत्तर जुने झालेले असते.

हीच अडचण मोठ्या कारखान्यास शतपट मोठ्या प्रमाणावर भासते. तिच्या निवारणासाठी गेल्या साठ-सत्तर वर्षांत संगणकाच्या साहाय्याने जी पद्धती उभी राहिली, तिला ‘एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग’ असे नाव आहे. व्यवहारात तिच्या आद्याक्षरांवरून ‘ईआरपी’ म्हणतात. मराठीत तिचा अर्थ ‘उद्योगातील साधनांचे एकत्र नियोजन’ असा करता येईल. साधने म्हणजे कच्चा माल, यंत्रे, माणसांचे श्रम, पैसा आणि वेळ. नावात नियोजन हा शब्द असला, तरी या प्रणालीचा पाया नियोजनात नसून नोंदीत आहे. ज्याची नोंद नीट नाही त्याचे नियोजन होऊ शकत नाही. म्हणून प्रथम नोंदीचाच विचार करणे योग्य ठरेल.

एक घटना, एक नोंद

हिशेबाच्या जुन्या पद्धतीत दिवसभराचे व्यवहार प्रथम कीर्दीत लिहीत आणि मग खतावणीत त्या त्या खात्यावर चढवीत. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, जे एका खात्यावर जमा होते ते दुसऱ्यावर नावे पडते, हे तत्त्व व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १४९४ मध्ये लुका पाचिओली या इटालियन गणितज्ञाने आपल्या ग्रंथात ते व्यवस्थित मांडले. ईआरपी प्रणाली हेच तत्त्व पैशापुरते न ठेवता मालाला, श्रमाला आणि वेळेलाही लावते.

उदाहरणार्थ, व्यापाऱ्याने छापलेले १०० कुडते भरतकामासाठी मध्यस्थाकडे दिले असे समजा. ही एकच घटना आहे. परंतु तिचे परिणाम अनेक आहेत. कोठारातील माल १०० नगांनी कमी झाला. तो विकला मात्र गेलेला नाही. मालकी व्यापाऱ्याचीच आहे, म्हणून ‘कामासाठी बाहेर गेलेला माल’ या सदरात १०० नग वाढले. काही आठवड्यांनी ९६ नग चांगले आणि ४ नग बिघडलेले परत आले. आता बाहेरच्या मालातून १०० नग वजा झाले, तयार मालात ९६ वाढले, ४ नग निकृष्ट मालात गेले आणि ९६ नगांची मजुरी देणे झाली. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी नगाची मजुरी २०० रुपये धरल्यास हे देणे १९,२०० रुपये होते.

जुन्या पद्धतीत या घटनेची नोंद कोठारी एकदा करी, मध्यस्थ दुसऱ्यांदा, मुनीम तिसऱ्यांदा. तीन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट कालांतराने तीन प्रकारची होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कोणी ९६ लिहितो, कोणी ९९, कोणी लिहावयाचेच विसरतो. एकत्र प्रणालीत ही घटना एकदाच नोंदविली जाते. माल घेणाऱ्याने ती नोंद केली की, कोठाराची शिल्लक, मजुरीचे देणे आणि गिऱ्हाइकाच्या मागणीची प्रगती हे तिन्ही आकडे त्याच नोंदीवरून आपोआप बदलतात. मुनिमास नव्याने काही लिहावे लागत नाही. तो फक्त पाहतो आणि तपासतो.

यासाठी माहिती साठविण्याची विशिष्ट रीत लागते. १९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएम संस्थेतील शास्त्रज्ञाने माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांच्या रूपाने साठविण्याची कल्पना मांडली. गिऱ्हाइकांचे एक कोष्टक, मालाच्या प्रकारांचे दुसरे, मागण्यांचे तिसरे. मागणीच्या कोष्टकात गिऱ्हाइकाचा पत्ता पुनःपुन्हा न लिहिता केवळ त्याचा क्रमांक लिहिला जातो. पत्ता बदलला तर तो एकाच जागी बदलावा लागतो आणि सर्वत्र नवा दिसू लागतो.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे व्यवहाराची अखंडता. १०० नग कोठारातून वजा झाले आणि बाहेरच्या मालात मिळविण्यापूर्वीच वीज गेली तर? हे १०० नग हिशेबातून नाहीसे होतील. असे होऊ नये म्हणून प्रणाली एका व्यवहाराच्या सर्व नोंदी एकजीव मानते. त्या सर्व पुऱ्या झाल्या तरच व्यवहार झाला. एक जरी राहिली तरी व्यवहार मुळी झालाच नाही असे समजून ती पूर्वस्थितीस येते. अर्धवट व्यवहार वहीत कधीच उरत नाही.

शेवटाकडून आरंभाकडे

नोंदी एकत्र आल्या म्हणजे नियोजनास आरंभ करता येतो. नियोजनाची मूळ रीत सोपी आहे. गिऱ्हाइकास माल देण्याचा दिवस धरावयाचा आणि तेथून एकेक पायरी मागे यावयाचे. वरील सहाशे कुडत्यांचेच उदाहरण घेऊ.

समजा, माल आजपासून सोळाव्या आठवड्याच्या अखेरीस द्यावयाचा आहे. एका कुडत्यास अडीच मीटर कापड लागते. कापड खरेदी होऊन येण्यास २ आठवडे, बेतणे व शिवणे यास १, छपाईस १, भरतकामास ७ आणि धुलाई-इस्त्रीस २ आठवडे लागतात. एकूण १३ आठवडे झाले. सोळातून तेरा वजा केले असता ३ उरतात. म्हणजे कापडाची खरेदी चौथ्या आठवड्याच्या आरंभी केली तरी चालेल, असा निष्कर्ष निघतो.

आता कापड किती घ्यावयाचे? ६०० कुडत्यांना २.५ मीटरप्रमाणे १५०० मीटर लागेल. ही झाली एकूण गरज. कोठारात ४०० मीटर कापड आहे. परंतु त्यातील २५० मीटर दुसऱ्या मागणीसाठी राखून ठेवले आहे, म्हणून खरोखर मोकळे असे १५० मीटरच. पूर्वी मागविलेले ३०० मीटर कापड दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस यावयाचे आहे. म्हणून निव्वळ गरज १५०० वजा ४५०, म्हणजे १०५० मीटर झाली. ५० मीटरचे थान धरल्यास २१ थाने मागविली पाहिजेत. कोठारात जाऊन केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्यास तेथे ४०० मीटर कापड दिसले असते आणि त्याने मागणी कमी नोंदविली असती. ‘आहे’ आणि ‘उपलब्ध आहे’ या दोहोंतील भेद डोळ्यांना दिसत नाही, तो नोंदीतच दिसतो.

या आकडेमोडीत एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. किती कुडते खपतील याचा व्यापाऱ्यास अंदाजच बांधावा लागतो, कारण ती गोष्ट गिऱ्हाइकांच्या मर्जीवर अवलंबून असते. परंतु किती कापड, किती दोरा, किती गुंड्या लागतील याचा अंदाज बांधण्याचे कारण नाही. कुडत्यांची संख्या ठरली की बाकीचे सर्व गुणाकाराने निघते. पहिलीस स्वतंत्र मागणी आणि दुसरीस अवलंबित मागणी म्हणतात. पूर्वीच्या कारखान्यांत या दोहोंत भेद केला जात नसे. प्रत्येक वस्तूचा साठा ठराविक पातळीखाली गेला की नवी खरेदी केली जाई. त्यामुळे नको तो माल पडून राही आणि हवा तो ऐन वेळी सापडत नसे.

हातांची मोजणी

वरील हिशेबात एक उणीव आहे. भरतकामास ७ आठवडे लागतात असे धरले; पण ते किती हातांनी? एक कारागीर आठवड्यास एक कुडता पुरा करते असे मानले, तर ६०० कुडते ७ आठवड्यांत होण्यास सुमारे ८६ हात पाहिजेत. प्रत्यक्षात ६० कारागीरच मोकळ्या असतील, तर ७ आठवड्यांत ४२० कुडते होतील आणि १८० उरतील. त्यांना आणखी ३ आठवडे लागतील. भरतकाम ७ ऐवजी १० आठवड्यांचे झाले आणि एकूण काळ १३ ऐवजी १६ आठवड्यांचा. चौथ्या आठवड्यापर्यंत थांबण्याची जी सवड वाटत होती, ती मुळातच नव्हती. कापडाची खरेदी आजच केली पाहिजे, आणि तसे करूनही एक दिवसाची ढिलाई परवडणार नाही.

पाऊस लागला आणि धुलाई चार दिवस लांबली, तर वायदा मोडेल. प्रणाली हे आधीच दाखवू शकते. मग व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून अधिक मुदत मागावी, की तुकड्या पाडून पहिले शे-दोनशे नग आधी छापावयास द्यावेत, की आणखी कारागीर शोधाव्यात, हा निर्णय त्याचा आहे. यंत्र निर्णय घेत नाही. निर्णय घेण्याची वेळ टळून जाण्यापूर्वी ते प्रश्न समोर ठेवते, एवढेच त्याचे काम. आणि ते काही थोडे नव्हे. ही पूर्वसूचना न मिळाल्यास काय घडते हे उघड आहे. शेवटच्या आठवड्यांत काम उरकण्याचा तगादा सुरू होतो, आणि तो साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्यावर, म्हणजे कंदिलाच्या वा दिव्याच्या उजेडात जागरण करणाऱ्या कारागिरावर येऊन पडतो.

पद्धतीचा इतिहास

साठा किती ठेवावा याचा गणिती विचार नवा नाही. १९१३ मध्ये अमेरिकेतील फोर्ड हॅरिस यांनी एका वेळी किती माल मागविणे किफायतशीर ठरते याचे सूत्र दिले. वारंवार थोडा माल मागविल्यास मागविण्याचा खर्च वाढतो. एकदम पुष्कळ मागविल्यास साठवणुकीचा खर्च वाढतो. या दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी होते ते प्रमाण त्यांनी काढून दाखविले. परंतु हजारो सुट्या भागांच्या अवलंबित मागणीचा हिशेब हाताने करणे अशक्यच होते. एक बदल झाला की सर्व कोष्टके पुन्हा मांडावी लागत.

१९६०च्या दशकात कारखान्यांत संगणक आले आणि हे अशक्य कार्य शक्य झाले. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे अभियंते जोसेफ ऑर्लिकी यांनी अवलंबित मागणीचे तत्त्व पुढे आणले आणि ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’, म्हणजे साहित्याच्या गरजेचे नियोजन, या पद्धतीची बांधणी केली. १९६४ मध्ये ब्लॅक अँड डेकर या हत्यारे बनविणाऱ्या कंपनीने ती प्रथम अंमलात आणली. ऑर्लिकी यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ऑलिव्हर वाइट यांनी साहित्याबरोबर यंत्रांची व माणसांची कार्यशक्ती आणि पैसा यांचाही हिशेब धरणारी विस्तृत पद्धती पुरस्कारिली. वर दाखविलेला कापडाचा हिशेब पहिल्या पद्धतीचा आणि हातांचा हिशेब दुसऱ्या पद्धतीचा आहे.

दरम्यान १९७२ मध्ये जर्मनीत आयबीएम सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी एसएपी ही संस्था स्थापन केली. प्रत्येक कारखान्यासाठी निराळी प्रणाली लिहिण्याऐवजी सर्वांना चालेल अशी एकच तयार प्रणाली करावी आणि नोंद होताच हिशेब बदलावा, रात्रीपर्यंत वाट पाहावी लागू नये, हा त्यांचा विचार होता. त्यांची ‘आर-टू’ ही प्रणाली मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर चाले. १९९२ मध्ये आलेली ‘आर-थ्री’ प्रणाली परस्परांस जोडलेल्या लहान संगणकांवर चालू लागली आणि जगभर पसरली. १९९० मध्ये गार्टनर या अमेरिकन संस्थेने अशा सर्वसमावेशक प्रणालींना ‘एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

लखनौचे मोठे कारखाने

लखनौ शहर हातकामासाठी प्रसिद्ध असले, तरी तेथे आधुनिक कारखानेही आहेत. ‘टेल्को’ या नावाने त्या वेळी ओळखल्या जाणाऱ्या टाटा मोटर्सने जमशेदपूर आणि पुणे यांच्यानंतर १९९२ मध्ये लखनौस कारखाना सुरू केला. तेथे मालमोटारी आणि बसगाड्या तयार होतात. कुडत्याची घटकसूची चार-पाच ओळींत संपते. मालमोटारीची घटकसूची अनेक पातळ्यांची असते. गाडीत आस, आसात चाकाचा तुंबा, तुंब्यात धारवा, अशी ती वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे उतरत जाते आणि शेवटी हजारो भागांपर्यंत पोहोचते. त्यातील एक लहानसा भाग आला नाही तरी पूर्ण गाडी अडून राहते, आणि बाकीच्या सर्व भागांत गुंतलेला पैसाही अडून राहतो.

हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा लखनौ येथील उपसाधन विभाग १९७० मध्ये स्थापन झाला. विमानांना लागणारी विविध उपकरणे तेथे तयार होतात. विमानाच्या भागांच्या बाबतीत नोंदीला आणखी एक प्रयोजन आहे. एखाद्या भागात दोष आढळला, तर तो कोणत्या धातूच्या गठ्ठ्यातून, कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर तयार झाला आणि त्याचे जोडीदार भाग आज कोणत्या विमानांत आहेत, हे मागे जाऊन शोधता आले पाहिजे. येथे वही केवळ नफ्यातोट्याची राहत नाही, ती प्राणरक्षणाची होते.

प्रणाली केव्हा फसते

अशा प्रणालीचे फायदे ऐकून ती विकत घेतली की धंदा सुरळीत होईल, असा समज होणे स्वाभाविक आहे. अनुभव निराळा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट बनविणाऱ्या प्रख्यात कंपनीने आपल्या नव्या प्रणाली ऐन सणाच्या हंगामापूर्वी एकदम सुरू केल्या. कोठारांत माल असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या होऊ शकल्या नाहीत. माल होता, गिऱ्हाईक होते. त्या दोहोंची गाठ घालून देणारी नोंद जागेवर नव्हती.

जर्मनीतील लिडल या दुकानसाखळीने सात वर्षांचे काम आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ मध्ये आपली नवी प्रणाली सोडून दिली. त्या कंपनीत मालाचा साठा खरेदीच्या किमतीने मोजण्याची रीत होती. तयार प्रणालीत तो विक्रीच्या किमतीने मोजला जाई. रीत बदलावयाची नाही असे ठरल्याने प्रणालीतच फेरफार करावे लागले आणि ते वाढत गेले. या प्रकल्पाचा जो बोध सांगितला जातो तो असा : तयार प्रणाली घेताना एक तर धंद्याची रीत बदलावी लागते किंवा प्रणाली बदलावी लागते, आणि दुसरा मार्ग फार महाग पडतो.

याहूनही सामान्य असे अपयशाचे कारण म्हणजे मूळ माहितीतील चूक. कुडत्यास अडीच मीटरऐवजी सव्वादोन मीटर कापड लागते असे घटकसूचीत चुकून लिहिले गेले, तर सहाशे कुडत्यांमागे १५० मीटर कापड कमी पडेल, आणि ते शेवटचे साठ कुडते बेतावयास घेईपर्यंत कोणाच्याही ध्यानात येणार नाही. संगणक चूक करीत नाही. परंतु दिलेली चूक तो मोठ्या वेगाने आणि सर्वत्र पसरवितो. म्हणूनच प्रणाली सुरू करण्यापूर्वी प्रत्यक्ष माल मोजून, नावे व मापे एकसारखी करून घेण्याचे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.

लहान धंद्याचा मार्ग

मोठ्या प्रणालीचा खर्च लहान व्यापाऱ्यास झेपणारा नसतो. पण त्याच्यापुढेही आता काही मार्ग आहेत. बंगळूर येथे १९८६ मध्ये आरंभ झालेली टॅली ही हिशेबाची प्रणाली देशातील असंख्य दुकानांत वापरली जाते. मुंबईच्या फ्रॅपे या संस्थेने तयार केलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली मुक्त स्वरूपाची आहे. तिची संहिता कोणासही पाहता येते, वापरता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते. तथापि प्रणाली फुकट मिळाली तरी ती बसविणे, माणसांना शिकविणे आणि नोंदी शुद्ध ठेवणे यांना लागणारे श्रम फुकट नसतात.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर नोंदीचे महत्त्व आणखी वाढले. चिकनसारख्या धंद्यास या कायद्यातील एक तरतूद विशेष लागू पडते. नोंदणीकृत व्यापाऱ्यास आपला माल पुढील कामासाठी दुसऱ्याकडे चलनावर, कर न भरता पाठविता येतो. मात्र तो साधारणपणे एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. मुदतीत आला नाही, तर पाठविला त्याच दिवशी तो विकला गेला असे मानून कर आकारला जाऊ शकतो. म्हणजे कोणता माल, कोणाकडे, कोणत्या दिवशी गेला आणि केव्हा परत आला, ही नोंद आता केवळ सोयीची राहिलेली नाही. पूर्वी मध्यस्थाच्या खिशातील वहीत जे राहत होते, ते व्यापाऱ्याच्या गादीवर येणे भाग पडले आहे.

वहीत कोण नाही

‘लखनौ चिकन’ या नावास २००८ मध्ये भौगोलिक निर्देशाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत लखनौ जिल्ह्यासाठी चिकनकाम निवडले गेले. नावाचे रक्षण झाले. परंतु ते काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती हा जुना प्रश्न आहे. त्यांना नगावर मजुरी मिळते, ती बहुधा मध्यस्थाच्या हातून मिळते, आणि त्यांचा प्रत्यक्ष संबंध बाजारपेठेशी येत नाही. या स्त्रियांना संघटित करून त्यांच्या कामाचा योग्य मोबदला त्यांच्या हाती पडावा यासाठी १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी रुना बॅनर्जी यांना २००७ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

साधन-नियोजनाच्या प्रणालीचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. प्रणालीस तेवढेच ठाऊक असते जेवढे तिच्यात लिहिलेले असते. ‘१०० कुडते, मध्यस्थाकडे’ एवढीच नोंद असेल, तर तिच्या दृष्टीने साखळी तेथेच संपते. त्या शंभर कुडत्यांवर सुई चालविणाऱ्या स्त्रिया तिला दिसतच नाहीत. पूर्वी हाताने केलेल्या हिशेबात ‘६० कारागीर’ हा आकडा सहज धरला गेला. पण त्या साठ जणींची नावे कोणत्याही वहीत नसतील, तर तो आकडा केवळ मध्यस्थाच्या शब्दावर विसंबलेला अंदाज ठरतो. म्हणजे त्यांची नोंद नसणे हे जसे त्यांच्या दृष्टीने अन्यायाचे, तसे व्यापाऱ्याच्या दृष्टीने अजाणतेपणाचे आहे.

याउलट प्रत्येक नगाबरोबर तो करणाऱ्या स्त्रीचे नाव, दिलेली तारीख, परत आल्याची तारीख आणि ठरलेला दर नोंदविला, तर चित्र बदलते. ९६ नगांची १९,२०० रुपये मजुरी हा एकच ढोबळ आकडा न राहता तो कोणाकोणाचा किती आहे हे कळते. नग स्वीकारला त्याच क्षणी ते देणे तिच्या नावावर उभे राहते आणि चुकते होईपर्यंत वहीतून पुसले जात नाही. चार नग बिघडले म्हणून मजुरी कापावयाची असल्यास ते भरतकामात बिघडले, छपाईत की धुलाईत, हेही पाहता येते. भट्टीत फाटलेल्या कापडाचा दोष सुईवर जात नाही.

तथापि हेच साधन उलटही वापरता येते. जी नोंद देणे दाखविते, तीच नोंद कोण मंद आहे, कोणास कमी दरावर राजी करता येईल, हेही दाखविते. एकत्रित वही ज्याच्या हाती, त्याला साखळीतील प्रत्येकाविषयी ज्ञान असते आणि इतरांना मात्र त्याच्याविषयी नसते. म्हणून वहीत काय लिहावे याइतकाच ती कोणी पाहावी हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आपल्या नावावर किती नग चढले, कोणत्या दराने, आणि किती पैसे यावयाचे आहेत, हे काम करणाऱ्या स्त्रीस स्वतःला, तिच्या भाषेत आणि तिला वाचता येईल अशा रीतीने पाहता आले, तर ती वही दोघांची होते. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड असे काही नाही. एका कोष्टकातील काही ओळी एका व्यक्तीस दाखविण्याची सोय या प्रणालींत असतेच.

यावरून या विषयाचे मर्म ध्यानात येईल. ईआरपी ही निर्जीव आकडेमोड नव्हे, किंवा धंद्यावर आपोआप कळा चढविणारा मंत्रही नव्हे. एका उद्योगात गुंतलेली सर्व माणसे एकाच सत्यावर विसंबून काम करू शकतील, अशी ती व्यवस्था आहे. त्या सत्यात कोणाला स्थान द्यावयाचे हे संगणक ठरवीत नाही. कोष्टकाचे रकाने आखताना माणसेच ते ठरवितात. आणि रकाने आखण्याच्या त्या वेळी कारागिराच्या नावासाठी एक रकाना ठेवण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही.